डाव्या मडगार्डवरचं मेण

तिला सगळे मेणबाई म्हणत. पेट्रोल पंपाच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या उंच छपराखाली, गाड्या धुण्याचं जे सेंटर होतं तिथे ती चौदा वर्षं कामाला होती. पाण्याच्या पाइपाला तिने हात लावला तो फक्त पहिल्या वर्षी. पुढे तिचं काम एकच राहिलं. धुऊन पुसून कोरडी झालेली गाडी तिसऱ्या गाळ्यात यायची आणि ती तिला मेण लावायची. गिऱ्हाइकं वॅक्स म्हणत, मालक पॉलिश म्हणत, ती मेणच म्हणायची, आणि ते अशा सुरात, की समोरच्याने आपला शब्द मुकाट्याने गिळावा.

अंगाने बुटकी, मनगटं पुरुषासारखी रुंद. कामाला उभं राहायच्या आधी ती अंगठी आणि घड्याळ काढून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवायची, बाह्या कोपरापर्यंत दुमडायची आणि काहीतरी पुटपुटत एकदा गाडीभोवती फिरून यायची. मग हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून पत्र्यावरून बोटं फिरवायची. उघड्या हाताला जो पत्रा गुळगुळीत वाटतो तोच पिशवीतून खरखरीत लागतो, आणि धुतलेल्या गाडीच्या अंगात अजून किती धूळ रुतून बसली आहे ते कळतं. ती धूळ मऊ मातीच्या गोळ्याने उचलून घेतल्याशिवाय मेणाच्या डब्याचं झाकण उघडत नसे. पत्रा थंड आहे की नाही ते ती हाताच्या पाठीने बघायची, तापलेल्या मुलाचं कपाळ बघावं तसं. उन्हातून आलेल्या गाडीला तासभर सावलीत नुसती उभी करायची. कुणी घाई केली तर म्हणायची, मेण लावायचंय, तवा तापवायचा नाही.

आणि तिचा एक नियम होता. जमिनीला टेकलेलं फडकं मेलं. मग ते मिनिटापूर्वी नव्या पुडक्यातून काढलेलं का असेना. वाळूचा एक कण त्याच्या लवेत अडकला तरी गडद रंगावर रेघ उमटते, आणि पुढे जेव्हा जेव्हा ऊन पडतं तेव्हा ती रेघ दात दाखवते. अशा फडक्यांसाठी कोपऱ्यात लाल बादली होती. मालक एकदा म्हणाले होते, बाई, नुसतं झटकून घ्या की. त्यावर तिने पडलेलं फडकं उचललं, मालकांच्या चष्म्यापाशी नेलं आणि पुसून देऊ का म्हणून विचारलं. मालकांनी चष्मा काढून खिशात घातला. ही गोष्ट सेंटरवर अजून सांगितली जाते.

अशा या बाईच्या पोटात दुखायला लागलं ते धाकटीमुळे.

धाकटी म्हणजे तिच्या दिराची बायको. दोघी एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात. दिराचं काम सुटलं तेव्हा मेणबाईनेच मालकांकडे शब्द टाकला आणि धाकटीला सेंटरवर आणलं. शिकवलंही तिनेच. पिशवी, मातीचा गोळा, हाताची पाठ, लाल बादली, सगळं. मेणाच्या कामात हातची राखून ठेवली ती एकच गोष्ट. लावलेलं मेण सुकलं की त्यावर धुरकट साय येते आणि मग ते पुसायचं असतं. पण नेमकं कधी, ते बोटाच्या टोकाने बारीक रेघ ओढून बघायचं. रेघेखाली पत्रा लख्ख निघाला तर वेळ झाली, मेण फासलं गेलं तर थांबायचं. एवढं मेणबाईने सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात धाकटी एका लाल गाडीच्या दारावर बोटाने रेघ ओढताना दिसली. कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाली, कुणी नाही जाऊबाई, आपसूकच बोट गेलं. त्या दिवशी मेणबाईला जेवण गेलं नाही.

धाकटीचा हात हलका आहे, असं पहिल्यांदा म्हणाल्या सासूबाई. धाकटीकडून डोक्याला तेल लावून घेत होत्या आणि मेणबाई पलीकडे भांडी लावत होती. वीस वर्षं त्या डोक्याला तिनेच तेल लावलं होतं. सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या, धाकटीचा हात कसा हलका आहे, थोरली लावते तेव्हा डोकं घासतेय की पातेलं तेच कळत नाही. सगळे हसले. मेणबाईचा नवरा जरा जास्तच हसला. तीही हसली, पण ताटल्या त्या दिवशी फळीवर जरा आपटूनच बसल्या.

मग तेच सेंटरवर सुरू झालं. शाळेतल्या एक बाई गाडी घेऊन आल्या आणि खिडकीतूनच म्हणाल्या, त्या दुसऱ्या आहेत का हो? मेणबाई तिथेच उभी होती, हातात फडकं होतं. तिने धाकटीला हाक मारली. हाक गोड होती. त्या गोडव्याने तिचाच घसा खवखवला.

त्या दिवसापासून तिची नजर धाकटीच्या मागे लागली. धाकटी चहा पिताना फुर्र आवाज करते. धाकटी काम करताना गुणगुणते. धाकटी फडक्याची नुसती चौघडी करते. मेणबाई आधी लांबीत तीन घड्या घालायची आणि मग मधोमध दुमडायची, म्हणजे सहा पदर होतात. चौदा वर्षांत तिच्या हाताला दुसरी घडी ठाऊक नव्हती. धाकटीचं म्हणणं, बोटाखाली पदर कमी असले की पत्रा कळतो. पत्रा कळतो म्हणे. मेणबाई हे वाक्य मनात घोळवायची आणि दरवेळी त्यात नवा उद्धटपणा सापडायचा. खरा उद्धटपणा नव्हताच, हेही तिला कळायचं, आणि त्याने ती आणखी चिडायची.

तरी एक गाडी होती जी तिचीच होती. डॉक्टरांची काळी गाडी. डॉक्टर दातांचे, आता दवाखाना बंद करून घरी बसलेले. गाडी तीस वर्षांची, पण रंग असा की विहिरीत वाकून बघतोय असं वाटावं. मेण लावून झालं की डॉक्टर वर्तमानपत्र उघडून बॉनेटसमोर धरायचे आणि त्या काळ्या आरशातला मथळा मोठ्याने वाचायचे. अक्षरं उलटी दिसायची, पण एकूण एक लागली पाहिजेत अशी त्यांची अट. तेरा वर्षांत एकदाही अक्षर अडलं नव्हतं. वाचून झालं की ते मान हलवायचे आणि म्हणायचे, बाई, छान. एवढंच. पण या एवढ्याशा दोन शब्दांवर मेणबाई पुढचे कित्येक दिवस चालायची.

डॉक्टरांची तक्रार एकच असायची, ती चकाकी दोन महिन्यांत उतरते. मेणबाईचं उत्तरही ठरलेलं. पिवळ्या डब्यातलं घट्ट मेण काळ्या रंगाला जी खोली देतं ती दुसरं काही देत नाही, पण ते टिकत नाही. बाटलीतलं पातळ सीलंट सहा महिने टिकतं, पण त्याची चमक काचेसारखी, वरवरची. पांढऱ्या गाडीला चालेल, काळीला नाही. दोन्ही एकात मिळत नाही, डॉक्टर. हे ती इतक्या ठामपणे म्हणायची, की डॉक्टर दाताचं एखादं दुखणं मान्य करावं तसं ते मान्य करायचे.

छपराच्या मागे भंगारात आलेलं एक काळं दार भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. धाकटीने त्यावर तीन पट्टे आखले होते. एकावर नुसतं मेण, एकावर नुसतं सीलंट. तिसऱ्यावर आधी सीलंट, ते एक दिवस मुरू दिलेलं, आणि वरून मेण. दर आठवड्याला ती त्यावर तांब्याभर पाणी ओतायची आणि थेंब कसे उभे राहतात ते बघत बसायची. मेणबाईने एकदा हसून विचारलं होतं, काय गं, दाराला अंघोळ घालतेस? धाकटीही हसली होती. ऊन झालं, पाऊस झाला. पाच महिन्यांनी पहिल्या पट्ट्यावरून पाणी चादरीसारखं ओघळून गेलं. तिसऱ्या पट्ट्यावर थेंब अजून मोहरीसारखे गोल उभे होते, आणि खाली काळा रंग खोल होता.

मेणबाईने ते पाहिलं होतं. सगळे जेवायला बसलेले असताना एकटीने जाऊन, स्वतःच्या हाताने पाणी ओतून पाहिलं होतं. आणि कुणाला काही बोलली नव्हती.

डॉक्टर या खेपेला आले तेव्हा काठी घेऊन आले. म्हणाले, आता गाडी चालवत इथवर येणं जमत नाही, वर्षातून दोनदा येईन, तेवढ्यात भागेल असं काहीतरी करा. मेणबाईने आपलं ठरलेलं वाक्य सुरू केलं, तोवर मालकांनी डॉक्टरांना मागे नेऊन ते दार दाखवलं. डॉक्टर दारापुढे वाकले. खिशातून वर्तमानपत्र काढलं, तिसऱ्या पट्ट्यासमोर धरलं आणि मथळा वाचला. मग विचारलं, हे कुणी केलं?

गाडी धाकटीला मिळाली. मालकांनी मेणबाईला बाजूला घेऊन समजावलं, की तुमचा मान जागच्या जागी आहे, पण डॉक्टरांचीच इच्छा आहे. मेणबाई म्हणाली, मला काय त्याचं. आणि जाऊन एका पांढऱ्या व्हॅनला मेण लावू लागली. इतक्या जोराने, की व्हॅनवाला म्हणाला, बाई, रंग राहू द्या.

पहिल्या दिवशी धाकटीने गाडी धुतली, मातीच्या गोळ्याने धूळ उचलली, सीलंट लावून पुसून घेतलं आणि ते मुरायला ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मेण. मेणबाई शेजारच्या गाळ्यात दुसऱ्या एका व्हॅनच्या मागच्या दारापाशी होती, पण तिचे कान, डोळे, सगळं तिसऱ्या गाळ्यात; अंगठी काढायचीही त्या दिवशी राहून गेली होती. मेणाचा थर इतका पातळ होता की आहे की नाही असं वाटावं. खोट काढावी तर काढता येईना. धाकटीने बोटाने रेघ ओढून बघितली आणि पुसायचं फडकं ट्रॉलीवर ठेवून हात धुवायला गेली.

पंख्याचा झोत फिरला. फडकं ट्रॉलीच्या कडेवरून घसरलं आणि खाली पडलं.

मेणबाईने पाहिलं. तिचे पाय आपोआप तिकडे गेले. वाकून फडकं उचललं आणि लाल बादलीकडे वळली. चौदा वर्षांची सवय, तिला विचार लागत नाही. तेवढ्यात ऑफिसच्या खिडकीतून मालकांनी डोकं बाहेर काढलं. डॉक्टरांचा फोन होता, पाचला येतायत. धाकटीला सांगा, ते म्हणतायत तिलाच भेटायचंय, काय जादू आहे म्हणतायत पोरीच्या हातात.

मेणबाई हो म्हणाली. खिडकी बंद झाली. हातात फडकं होतं. तिच्या हातांनी त्याची घडी घातली आणि ते ट्रॉलीवर होतं तिथे ठेवून दिलं. मग ती व्हॅनच्या पलीकडच्या बाजूला गेली, जिथून काळी गाडी दिसत नव्हती.

 अजून वेळ होता. एक हाक मारली असती तरी पुरलं असतं. धाकटीची चप्पल वाजली, ती गुणगुणत होती. हाक मेणबाईच्या ओठांपर्यंत आली, आणि तिच्या मनात आलं, पोरीच्या हातात जादू. हाक परत आत गेली.

मग तो आवाज आला. दाताखाली खडा यावा इतका बारीक. दुसऱ्या कुणाला ऐकूही गेला नसता.

गुणगुणणं थांबलं. मेणबाई व्हॅनला वळसा घालून आली. डाव्या मडगार्डवर, चाकाच्या कमानीच्या वर, केसाएवढी रेघ होती, वीतभर लांब, जराशी वाकलेली. धाकटी रेघेकडे बघत नव्हती. ती हातातल्या फडक्याकडे बघत होती. सहा पदर. आधी लांबीत तीन, मग मधोमध.

"जाऊबाई," धाकटीने विचारलं, "हे खाली पडलं होतं का?"

"पडलं होतं. मी उचलून ठेवलं."

"माहीत असून?"

मेणबाईला खोटं सुचलं असतं. गडबड होती, लक्षात आलं नाही, असं काहीही. पण घडी तिथे धाकटीच्या हातात होती. "माहीत असून," ती म्हणाली.

धाकटी भांडेल असं तिला वाटलं. भांडावं असं वाटलं. धाकटीने घड्याळाकडे पाहिलं, तीन वाजून गेले होते. मग ती म्हणाली, "मला ओरखडा काढता येत नाही. ते तुम्ही अजून शिकवलेलं नाही."

मेणबाई अंगठी काढायला डब्याकडे गेली.

ती त्या मडगार्डपाशी गुडघ्यांवर बसली आणि तासभर उठली नाही. नवं फडकं घेतलं, त्याचं टोक बोटाला गुंडाळलं, त्यावर बारीक पॉलिश तिळाएवढं. रेघेवर उभं चालायचं नाही, आडवं चालायचं, दाब फक्त बोटाच्या गादीचा. दहा वेळा हात फिरला की थांबून पत्रा हाताच्या पाठीने बघायचा.  मग वर न बघता म्हणाली, बस इथे, बघ. धाकटी तोवर नव्या फडक्याने बाकीची गाडी पुसून आली होती, ती शेजारी उकिडवी बसली. मेणबाईने सांगितलं, की पॉलिशमधलं तेल फसवतं. ते रेघेत भरतं आणि रेघ गेली असं वाटतं, म्हणून स्पिरिटने पुसून उघड्या पत्र्यावर बघायचं. पुसलं, रेघ होती. पुन्हा पुसलं, अजून होती, पण श्वासासारखी. सांगताना तिच्या लक्षात आलं, की हे तिने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. आणि धाकटी एकदाच ऐकून पुढच्या वेळी आपल्यापेक्षा बरं करेल, हेही.

रेघ गेली. पण तिच्याबरोबर तेवढ्या जागेवरचं सीलंटही गेलं, आणि नवं लावून मुरवायला एक दिवस हवा होता. हाताशी पाऊण तास होता. मेणबाईने पिवळा डबा उघडला. मेण तळहातावर घेऊन चोळून मऊ केलं, आणि जितका पातळ थर तिने आयुष्यात कधी लावला नव्हता तितका लावला. साय आली, बोटाने रेघ ओढली, थांबली, पुन्हा ओढली. मग पुसलं. हात शक्य तितका हलका ठेवून. आपण हा हात कुणाचा उसना घेतोय ते तिला कळत होतं.

डॉक्टर पाचला आले. वर्तमानपत्र उघडून बॉनेटसमोर धरलं, वाचलं, एक अक्षर अडलं नाही. धाकटीकडे बघून मान हलवली. छान, म्हणाले. मेणबाई लाल बादलीपाशी उभी होती. तो शब्द तिच्या जवळून गेला, तिला वळसा घालून. पुढे डॉक्टर काठी टेकत गाडीभोवती फिरले आणि डाव्या मडगार्डपाशी थबकले. वाकले. इथे काळा रंग जास्त खोल वाटतोय, म्हणाले.

"ते जाऊबाईंनी केलंय," धाकटी म्हणाली. "तिथे खाली सीलंट नाही, डॉक्टर, नुसतं मेण आहे. बाकीच्या गाडीला सहा महिने बघायला नको. तेवढं दोन महिन्यांत उतरेल. तेव्हा कुणाबरोबर तरी पाठवून द्या, जाऊबाईच बघतील."

डॉक्टरांनी विचारलं, तेवढंच वेगळं का बरं? धाकटीने मेणाच्या डब्याचं झाकण उचललं आणि ते घट्ट बसवत राहिली. 

"ओरखडा होता," मेणबाई म्हणाली. "माझ्यामुळे पडलेला. काढलाय."

डॉक्टरांनी चष्मा वर केला, नाक पत्र्याला लागेल इतके वाकले, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग सरळ होत विचारलं, कुठे? मेणबाईने बोट दाखवायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. तिलाही जागा सापडेना.

गाडी गेली. धाकटी ट्रॉली आवरू लागली. घरी ती हे सांगणार नाही, हे मेणबाईला माहीत होतं. उद्या डोक्याला तेल लावताना सासूबाई काही विचारतील, तर धाकटी दुसरंच काहीतरी बोलेल. एकदा तोंड सोडून बोलली असती तर बरं झालं असतं. मेणबाईला उलट बोलता आलं असतं, दोन दिवस अबोला धरता आला असता, हिशेब मिटला असता. पण नाही. माफ करतानाही हिचा हात हलका. जिथे ही उणी पडेल असं एकही काम हिने मागे ठेवलं नाही.

तिने ते सहा पदरांचं फडकं उचललं. घडी मोडली, लाल बादलीत टाकलं. मग बिस्किटांच्या डब्यातून अंगठी काढून बोटात घालताना थांबली, आणि दोन महिन्यांचे आठवडे किती होतात ते उभ्या उभ्या बोटांवर मोजू लागली.